विद्यापीठ सोडण्यापूर्वी तिथे थोडे राहून पाहा

प्रश्न : मी नवी मुंबईतल्या घणसोली गावात राहते. ठाण्यातल्या एका महाविद्यालयातून मराठी माध्यमात समाजशास्त्र घेऊन बी.ए. केले. तिथे वर्गात आम्ही बावीस जण होतो आणि बाईंना प्रत्येकाचे घर ठाऊक होते. आता मुंबईतल्या एका मोठ्या विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात नव्वदच्या वर मुले आहेत, तास इंग्रजीतून होतात आणि सहा महिने झाले तरी एकाही प्राध्यापकांना माझे नाव माहीत नाही. जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवासात जातात. शेवटचा तास संपला की गाडी पकडायला धावते. पहिल्या सत्रात एका विषयाच्या अंतर्गत परीक्षेत ५० पैकी २१ गुण मिळाले. बाबा म्हणतात, हे सोड, दूरस्थ शिक्षणातून एम.ए. कर आणि सोबत बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव. गेल्या आठवड्यात ठाणे स्टेशनवर बाकावर बसून दोन गाड्या सोडून दिल्या, पुढे जावेसेच वाटेना. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना विकसित जमीन परत देण्याच्या साडेबारा टक्के योजनेवर बी.ए.ला केलेल्या माझ्या प्रकल्पाचे बाईंनी फार कौतुक केले होते. आता ते दिवस संपले असे वाटते. मी काय करावे?
एक विद्यार्थिनी, घणसोली

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या पत्रातले बाकावरचे वाक्य मी सर्वांत आधी घेते. एखाद्या दिवशी पाय जड होतात, त्याचे फार मनावर घेऊ नये. पण असे वारंवार होत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, एकटे असताना रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर अभ्यासाच्याही आधी त्याकडे पाहायला हवे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. ती सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. तिथे फोन करण्यासाठी फार मोठे काही घडलेले असावे लागते, असे मुळीच नाही. दुसरे असे की बाबांचे मत तुम्ही कळवले आहे, पण बाबांना त्या बाकाबद्दल सांगितले आहे असे पत्रातून दिसत नाही. त्यांना फक्त गुण आणि प्रवास दिसतो आहे, म्हणून त्यांनी गुणांवर आणि प्रवासावर उपाय सुचवला. आज रात्रीच आईला किंवा बाबांना ते सांगा.

आता मुख्य विषयाकडे येते. शेवटचा तास संपला की गाडी पकडायला धावते, असे तुम्ही ओघात लिहून गेलात; माझ्या मते अडचणीचे मूळ त्याच वाक्यात आहे. मोठ्या विद्यापीठात वेळापत्रकातले तास हा शिक्षणाचा निम्माच भाग असतो. तास संपल्यावर प्राध्यापक आपल्या खोलीत येऊन बसतात, वसतिगृहातली मुले कॅन्टीनमध्ये त्या दिवसाच्या व्याख्यानावरून वाद घालतात, ग्रंथालयात रोज दिसणाऱ्या मुलीला तिथले कर्मचारी न मागता दुसरे पुस्तक काढून देऊ लागतात, आणि सूचना फलकावर लागलेल्या परिसंवादाला सात-आठच जण आलेले असल्यामुळे बोलणाऱ्याशी नीट गप्पा होतात. हे सारे दुपारनंतर घडते, आणि त्या वेळी तुम्ही घाटकोपरच्या पुढे महिलांच्या डब्यात दाराशी उभ्या असता. सहा महिने तुम्ही विद्यापीठात जाता आहात, पण तिथे राहिलेल्या नाही. त्यामुळे ते सोडावे की नाही याचे खरे उत्तर आज तुमच्यापाशी असणे शक्य नाही. माझा सल्ला असा की दुसरे सत्र संपेपर्यंत निर्णय पुढे ढकला आणि या सत्रात आठवड्यातले दोन दिवस तिथे राहा. सकाळी जा आणि संध्याकाळी उशिरा परत या.

हे सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. मीही ठाण्याहून रोज ये-जा करून एम.ए. केले. त्यावेळी घणसोलीहून ठाण्याला थेट गाडी नव्हती, पण ठाण्याहून पुढची गर्दी आजच्यासारखीच होती, आणि मीसुद्धा तास संपताच पिशवी उचलून निघत असे. एकदा एका सरांनी माझ्या निबंधाच्या समासात पेन्सिलीने फक्त तीन शब्द लिहून दिले : ‘असे कोण म्हणते?’ मला तो अपमान वाटला. पाच-सहा दिवस तो निबंध माझ्या पिशवीत होता, आणि एका दुपारी, गाडी चुकलीच होती म्हणून, मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. खोलीत दुसऱ्या खुर्चीवर नियतकालिकांचा ढीग होता. त्यांनी माझे नाव विचारले नाही. ते उठले, दोन्ही हातांनी तो ढीग उचलून जमिनीवर ठेवला, खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली आणि म्हणाले, ‘बसा. हे वाक्य तुमचे आहे की पुस्तकातले?’ ते पुस्तकातलेच होते. पुढची वीस मिनिटे आम्ही त्या एका वाक्यावर बोललो. मी बाहेर पडले तेव्हाही त्यांना माझे नाव माहीत नव्हते; ते पुढच्या आठवड्यात, दुसरा कागद घेऊन गेले तेव्हा विचारले गेले. नंतर तीस वर्षे मी स्वतः ठाण्यात शिकवले आणि दाराच्या आतल्या बाजूने तेच पाहिले. वर्गात नव्वद चेहरे असतात तेव्हा शिक्षकाच्या लक्षात राहतो तो कागद घेऊन आलेला माणूस.

म्हणून ते २१ गुण. तुम्ही गुण कळवलेत, पण ते का मिळाले हे कळवले नाही, याचा अर्थ उत्तरपत्रिका तुम्ही पुन्हा पाहिलेली नाही. ती पाहायला मागा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा अधिकार आहे; माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ती मिळू शकते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच दिला आहे. अंतर्गत परीक्षेसाठी मात्र एवढ्या लांब जाण्याची वेळ बहुधा येत नाही, प्राध्यापकांना विचारले की ते दाखवतात. विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘सर, मला कमी गुण का दिले’ असे विचारले तर समोरचा माणूस बचावाला उभा राहतो. ‘सर, माझ्या तिसऱ्या उत्तरात काय राहून गेले, ते मला समजून घ्यायचे आहे, आपल्याला कोणत्या दिवशी दहा मिनिटे वेळ असेल?’ असे विचारा. दहा मिनिटांचीच मागणी करा. पहिल्या वेळी ‘नंतर या’ असे उत्तर मिळाले तर ते अक्षरशः घ्या आणि नंतर जा. बहुतेक मुले इथेच परत फिरतात. तीन वेळा जाऊनही उत्तरपत्रिका दाखवली गेली नाही, तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. त्यापुढेही दाद मागता येते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती नेमणे आणि विद्यापीठात लोकपाल असणे बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत तिथवर जावे लागेल असे मला वाटत नाही.

एवढी मोठी संस्था आपल्याला ओळखत नाही, याचे तुम्हाला जे दुःख वाटते, त्याला एक जुने कारण आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली पहिली तीन विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घ्यायच्या व पदव्या द्यायच्या, अशी ती विभागणी होती. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली, म्हणजे स्थापनेनंतर ६२ वर्षांनी. परीक्षा, अर्ज, बैठक क्रमांक, खिडकीवरची रांग हे विद्यापीठाचे जे रूप आपल्याला आधी दिसते, ते तिथून आलेले आहे. घरचा पत्ता ठाऊक असणारा शिक्षक ही महाविद्यालयाची देणगी होती, आणि ती तुम्हाला ठाण्यात भरभरून मिळाली. ती मिळालेल्या मुलांना विद्यापीठातले पहिले वर्ष सर्वांत कठीण जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्यात काही कमी नसते. ओळख मागून घ्यावी लागते ही सवयच त्यांना लागलेली नसते.

प्रवासाचा हिशेब आपण कागदावर मांडू. साडेतीन तास रोज, आठवड्याचे पाच दिवस, पंधरा आठवड्यांचे सत्र, म्हणजे सुमारे २६२ तास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एम.ए.च्या एका सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला पंधरा तास धरले, तर वर्गातले तास होतात ३३०. प्रवास वर्गाच्या जवळपास येऊन पोहोचला आहे, तेव्हा थकवा येणारच, त्यात तुमचा दुबळेपणा काही नाही. पण ज्या दिवशी एकच तास असतो त्या दिवशीही तुम्ही हे साडेतीन तास मोजता, आणि ज्या दिवशी चार तास असतात त्या दिवशी त्यांचा पुरेपूर उपयोग न करता परत येता. वेळापत्रक समोर घ्या. ज्या दोन दिवशी सर्वांत जास्त तास आहेत ते राहण्याचे दिवस ठरवा. सकाळची गर्दी उसळण्यापूर्वी घणसोली सोडा आणि संध्याकाळची ओसरल्यावर परतीची गाडी धरा. उशीर होणार हे घरी आधी सांगा आणि शक्य तर ठाण्याकडे येणारी एखादी मैत्रीण सोबतीला पाहा. नव्वद जणांत कल्याण, डोंबिवली, मुलुंडच्या मुली असणारच. सोबत जाणारी एक मुलगी सापडली तरी अर्धे एकटेपण जाते. उपस्थितीची अट सांभाळून एखादा दिवस घरी अभ्यास करता येतो का, तेही पाहा. आणि ठाण्याला गाडी बदलताना कधी थकलात, तर बाकावर बसण्याऐवजी पुलावरून पश्चिमेला बाहेर पडा. १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय याच गावात आहे, तिथे तासभर बसून मग घरी जा. तोही दिवस वाया गेलेला नसतो.

इंग्रजीविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, तरी ते बरेच काही सांगून जाते. तुम्हाला विषय कळत नाही असे नाही, विषयाची नावे बदलली आहेत. जातिव्यवस्था, स्तरीकरण, नागरीकरण, नातेसंबंध हे सगळे तुम्ही मराठीतून तीन वर्षे शिकला आहात. व्याख्यानाच्या आदल्या रात्री त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. तो महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यातल्या नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोशही हाताशी ठेवा. एका वहीत डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी आणि खाली घणसोलीतले एक उदाहरण, असे लिहीत गेलात तर दोन महिन्यांत वर्गातले बोलणे ओळखीचे वाटू लागेल. तुमच्या विभागात परीक्षा मराठीतून लिहिण्याची मुभा आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारा, मित्रांच्या सांगण्यावर विसंबू नका. मुभा असेल तर ती निःसंकोच घ्या. आपल्या भाषेत नेमके लिहिलेले उत्तर हे परक्या भाषेत चाचपडत लिहिलेल्या उत्तरापेक्षा केव्हाही सरस असते, आणि असे उत्तर वाचून आनंद होणारे परीक्षक मी पाहिले आहेत.

बाबांच्या सल्ल्याचा मी अनादर करणार नाही. दूरस्थ शिक्षणातून मिळालेली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच असते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले आहे. नोकरी करणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या कितीतरी जणांना तिने शिकण्याची वाट करून दिली. मात्र तुम्हाला आज जे कमी पडते आहे, म्हणजे तुमचे लिखाण वाचून त्यावर बोलणारे माणूस, ते तिथे आणखी दूर जाईल. एका गोष्टीचा हिशेब बाबांसमोर जरूर ठेवा. पहिले सत्र उत्तीर्ण होऊन आज सोडलेत तर तुमच्या खात्यात २२ श्रेयांक असतील. उन्हाळ्यापर्यंत थांबून दुसरे सत्र पूर्ण केलेत तर ४४ होतील, आणि आपल्या राज्यातल्या नव्या रचनेत ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. हे श्रेयांक ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात, त्यामुळे पुढे कधी परत यावेसे वाटले तर दार उघडे असते. तुमच्या विद्यापीठाचे परिपत्रक पाहून हे पक्के करून घ्या, पण चार महिन्यांच्या थांबण्याने हाती काहीच लागणार नाही, असे होणार नाही. बँकेच्या परीक्षांची तयारी करायचीच असेल तर ती उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करता येईल.

थांबण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत वजनदार आहे. दुसऱ्या वर्षी तुम्हाला संशोधन प्रकल्प करायचा असतो, तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा श्रेयांकांचा. त्याला मार्गदर्शक लागतो. ज्यांची कोणाशीच ओळख नसते त्यांना यादीप्रमाणे मार्गदर्शक मिळतो आणि यादीप्रमाणेच विषय मिळतो. ज्यांनी आधी दोन-चार वेळा दार ठोठावलेले असते ते आपला विषय घेऊन जातात. तुमच्यापाशी विषय आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, १९८४ साली उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात माणसे गोळीबारात गेली, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन भूमिपुत्रांना परत देण्याचे धोरण त्यातून पुढे आले. ग्रंथालयात हे वाचणारे पुष्कळ भेटतील. पण योजनेतून मिळालेला भूखंड कोणाच्या नावावर झाला, बहिणींना त्यात काय मिळाले, तो विकून आलेल्या पैशांचे काय झाले, गावठाणातले घर वाढवताना भाऊ भावाशी कसे वागले, हे विचारायला कोणत्याही दारात उभे राहता येईल अशी मुलगी तुमच्या वर्गात बहुधा तुम्हीच आहात.

तुमच्या विषयाच्या इतिहासातली एक गोष्ट यावरून आठवते. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मुळात नगररचनेत रमलेले. त्यांच्या व्याख्यानांना संस्कृत घेऊन एम.ए. झालेला मालवणचा एक तरुण येऊन बसू लागला. त्याने मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला, त्यातून परदेशी शिष्यवृत्ती मिळाली, आणि तेच गो. स. घुर्ये १९२४ साली त्या विभागाचे प्रमुख झाले. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे नामवंत अभ्यासक त्यांचेच विद्यार्थी. घुर्यांना पुढे जे मिळाले ते प्रत्येकाला मिळते असे मी म्हणत नाही. मला त्यातला निबंधच तेवढा महत्त्वाचा वाटतो. तो त्यांच्या अंगणातल्या शहरावर होता.

तेव्हा राहण्याच्या पहिल्या दिवशी उत्तरपत्रिकेसोबत आणखी एक कागद न्या. बी.ए.च्या प्रकल्पातून तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न निवडा आणि तो एका पानात, हवे तर मराठीत, लिहा. गाव कोणते, किती घरांत गेलात, आजी काय म्हणाली, कुठे उत्तर मिळाले नाही, एवढेच त्यात असू द्या; मोठे सिद्धांत नकोत. संशोधन पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे तो द्या, कारण असा कागद वाचून कसा पुढे न्यायचा हे सांगणे त्यांच्या विषयातच येते. त्यांनी वाचायला आठ दिवस घेतले तर आठ दिवसांनी पुन्हा जा. आणि त्यांनी समासात काय लिहिले, ते मला कळवा. मला वाचायला आवडेल.